कोयरीचा रुमाल आणि रिंगणातले हात

स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस गावातल्या एका लहानशा दुकानात मी तो रुमाल प्रथम हातात घेतला आणि क्षणभर कुठे उभी आहे हेच विसरले. लाल सुती कापडाचा चौकोन, काठाला बारीक वेलबुट्टी, आणि चारही कोपऱ्यांत, मध्यभागी, जागा मिळेल तिथे कोयरी. टोकाला वळलेली, पोटात फुले भरलेली, आईच्या जुन्या साड्यांच्या पदरावर असते अगदी तशी कोयरी. दुकानातल्या बाईंनी त्याचे नाव सांगितले, ग्लार्नर ट्युएख्ली, म्हणजे ग्लारुसचा छोटा रुमाल. इथले शेतकरी तो गळ्यात बांधतात, पावाच्या टोपलीत तो अंथरला जातो, लहान मुलांच्या डोक्याला गुंडाळला जातो, आणि ग्लारुसच्या माणसाला तो आपल्या कॅन्टनच्या, म्हणजे स्विस संघातल्या आपल्या राज्याच्या, झेंड्याइतकाच आपला वाटतो. आल्प्सच्या एका अरुंद दरीतल्या लोकांनी आपली ओळख म्हणून कोयरी का जपावी, या प्रश्नापासून माझे ग्लारुसचे वेड सुरू झाले.

झुरिचहून रेल्वेने तासाभरात ग्लारुसला पोचता येते, पण त्या तासाभरात देश बदलल्यासारखा वाटतो. सपाट, सुखवस्तू प्रदेश मागे पडतो आणि लिंथ नदीच्या दोन्ही बाजूंनी डोंगर इतके जवळ येतात की हिवाळ्यात दरीतल्या काही गावांना दिवसाचे थोडेच तास ऊन मिळते. पश्चिमेला ग्लॅर्निशची भिंत आणि दक्षिणेला, दरी जिथे संपते तिथे, ३,६०० मीटरहून उंच टोडी शिखर. कॅन्टनचे क्षेत्रफळ ६८५ चौरस किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग खडक, बर्फ आणि उन्हाळी कुरणे. वस्ती सारी नदीकाठी, आणि तीही सुमारे ४०,००० माणसांचीच. दक्षिणेकडून डोंगर ओलांडून फ्योन नावाचा उष्ण, कोरडा वारा येतो, तो वसंतात बर्फ झटपट वितळवतो आणि घरांची लाकडे सुकवून ठेवतो. या वाऱ्याने ग्लारुसचे काय केले ते पुढे सांगेन.

अशा जमिनीवर धान्य फारसे पिकत नाही. मध्ययुगापासून इथली माणसे गुरे पाळत, चीज विकत आणि परक्या राजांच्या फौजांत भाडोत्री सैनिक म्हणून जात. नेफेल्स गावातला सतराव्या शतकातला फ्रॉयलर वाडा फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत पैसा मिळवलेल्या एका कर्नलने बांधला. आज त्याच वाड्यात कॅन्टनचे संग्रहालय आहे आणि त्यातला एक मोठा विभाग छापील कापडाला दिलेला आहे. शस्त्रांवर जगणाऱ्या दरीने पुढे कापडावर जगायला कसे घेतले याची सगळी गोष्ट त्या एका वास्तूत सामावली आहे असे मला तिथे फिरताना वाटत राहिले.

अठराव्या शतकाच्या आरंभी इथे घरोघरी कापूस कातण्याचे काम आले आणि १७४० साली योहान हाइनरिश श्ट्राइफ यांनी ग्लारुसमध्ये कापड छापण्याचा पहिला कारखाना काढला. त्या वेळी साऱ्या युरोपाला भारतीय छिटाचे वेड लागले होते. सुरतेहून आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून जहाजांनी जाणारे ते रंगीत, धुतले तरी न विटणारे सुती कापड फ्रेंच लोक ‘अँदिएन’, म्हणजे सरळ ‘भारतीय’ याच नावाने ओळखत. आपल्या रेशीम आणि लोकर विणकरांना संरक्षण म्हणून फ्रान्सने १६८६ पासून १७५९ पर्यंत या कापडावर आणि त्याच्या नकलेवरही बंदी घातली. त्या बंदीमुळे छापण्याची विद्या सीमेपलीकडच्या स्विस शहरांत रुजली, आणि तिथून ती ग्लारुससारख्या आडबाजूच्या दरीतही पोचली. इथे नदीचे स्वच्छ, मृदू पाणी होते, जंगलाचे लाकूड होते आणि काम मागणारे भरपूर हात होते. कोयरी काश्मिरी शालींच्या नकलांमधून आली आणि राहिली. जे कापड आपल्याकडचे रंगारी छापत त्याची नक्कल करून ही दरी मोठी झाली, हे सत्य इथले लोक लपवत नाहीत. संग्रहालयातल्या पाट्यांवर ते सरळ लिहिलेले आहे, आणि त्या प्रांजळपणाचे मला मनापासून कौतुक वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या दरीत वीसहून अधिक कापड-छापखाने होते आणि त्यांत सहा हजारांच्या आसपास माणसे काम करत होती. कॅन्टनची लोकसंख्या तेव्हा ३०,००० ते ३५,००० होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. युरोपातल्या अत्यंत उद्योगप्रधान मुलखांपैकी हा एक होता, आणि तोही एकही मोठे शहर नसताना. इस्तंबूलच्या बाजारात विकले जाणारे बायकांचे फुलाफुलांचे डोक्याचे रुमाल इथे छापले जात. जावा बेटावरच्या बाटिकची नक्कल इथे छापून डच वसाहतीत पाठवली जाई. श्वांडेनच्या ब्लुमर आणि येनी घराण्यांनी पूर्वेकडच्या बाजारांसाठी माल काढण्यात विशेष नाव कमावले. ज्या माणसाने कधी समुद्र पाहिला नव्हता, तो जावातल्या बाईच्या पसंतीची नक्षी लाकडी ठशावर कोरत बसलेला असे.

ग्लारुसच्या समोर, लिंथच्या पलीकडच्या काठावर एनेंडा गाव आहे. तिथे जुन्या कारखान्याचा एक हेंगीटुर्म, म्हणजे कापड वाळत घालायचा मनोरा, अजून उभा आहे. खालचे मजले दगडी, साधे. पण वरचा भाग लाकडी, उंच, आणि चारही बाजूंना झरोक्यांच्या फळ्या लावलेला. छापून धुतलेल्या कापडाचे लांबच लांब पट्टे त्या उंच छताच्या तुळयांवरून खाली सोडत आणि वारा आत खेळेल अशा बेताने फळ्या उघडत किंवा मिटत. मी त्या छताखाली उभी राहून वर पाहिले, तेव्हा तुळयांची ती दाट रांग पाहूनच एका वेळी किती कापड इथे लोंबकळत असेल याचा अंदाज आला. छापण्याचे काम लांब टेबलांवर, हाताने चाले. छापणारा लाकडी ठसा रंगाच्या गादीवर टेकवायचा, कापडावर नेमका जुळवून ठेवायचा आणि वरून लहान हातोड्याने ठोकायचा. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, म्हणजे पाच रंगांच्या कोयरीसाठी एकाच जागी पाच वेळा तेच. त्या रंगाच्या गादीवर कुंच्याने सतत ताजा रंग पसरवून ठेवण्याचे काम एका मुलाचे किंवा मुलीचे असे. दिवसभर, छापणाऱ्याच्या शेजारी, रंगाच्या वासात उभे राहून. रुमालाच्या कोयरीकडे पाहताना आता मला आधी ती मुले आठवतात.

त्याच मनोऱ्यात २०१७ पासून अन्ना ग्योल्डी यांचे संग्रहालय आहे. अन्ना झेनवाल्ड या दुसऱ्या मुलखातल्या गावाहून ग्लारुसला चाकरीसाठी आलेली बाई. एका प्रतिष्ठित डॉक्टरांच्या घरी ती मोलकरीण होती. त्यांच्या मुलीच्या दुधात टाचण्या सापडल्याचे निमित्त झाले, अन्नावर आळ आला, यातना देऊन तिच्याकडून कबुली घेण्यात आली आणि जून १७८२ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. न्यायाधीशांनी निकालपत्रात चेटूक हा शब्द टाळून विषप्रयोगाचा ठपका ठेवला, तरी जग तिला युरोपात चेटकीण म्हणून मारल्या गेलेल्या शेवटच्या स्त्रियांपैकी एक म्हणूनच ओळखते. ऑगस्ट २००८ मध्ये कॅन्टनच्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवले. दोनशे सव्वीस वर्षांनी! गावात तिचे कोणी नव्हते, तिच्या बाजूने उभे राहायला घराणे नव्हते, आणि ज्यांनी तिचा निवाडा केला ते आरोप करणाऱ्या घराच्याच बरोबरीचे होते. ग्लारुसच्या लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येकाने आधी या मनोऱ्याचे जिने चढावेत असे मला वाटते.

कारण गोडवे गाण्यासारखी लोकशाही इथे खरोखरच आहे. ग्लारुस १३५२ मध्ये स्विस संघात आले, १३८८ मध्ये नेफेल्सच्या लढाईत त्यांनी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या फौजेला परतवले, आणि त्याच काळापासून इथले नागरिक वर्षातून एकदा उघड्यावर जमून आपले कायदे ठरवत आले आहेत. या सभेला लांड्सगेमाइंडे म्हणतात. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्लारुसच्या त्साउनप्लाट्स या चौकात लाकडी पायऱ्यांचे गोल रिंगण उभारले जाते. सरकारची मंडळी मिरवणुकीने येतात. लांडामान, म्हणजे कॅन्टनचा प्रमुख, रिंगणाच्या मधोमध चौथऱ्यावर तलवारीच्या मुठीवर हात टेकून उभा राहतो. चर्चेला येणारे सगळे विषय एका पुस्तिकेत छापून आधीच घरोघरी पोचलेले असतात. मग एकेक विषय पुकारला जातो आणि ज्याला बोलायचे आहे तो कोणीही नागरिक मधोमध येऊन बोलतो. मंजूर करा, फेटाळा, पुढे ढकला, किंवा अमुक कलम असे बदला, यांपैकी काहीही तो मागू शकतो. मतदान म्हणजे मतपत्र धरून हात वर करणे. मोजणी नाही. लांडामान नजरेने अंदाज घेतो, शंका असली तर सहकाऱ्यांना विचारतो, आणि निकाल सांगतो, तो अखेरचा. मी रिंगणाबाहेरून दोनदा ही सभा पाहिली. हजारो हात एकाच वेळी वर जातात तेव्हा कापडाच्या फडफडण्यासारखा एक आवाज होतो, तो दूरचित्रवाणीवर ऐकू येत नाही. आणि अगदी आत, चौथऱ्याभोवती, शाळकरी मुले जमिनीवर बसलेली असतात. त्यांनी पाहावे, शिकावे म्हणून ती जागा खास त्यांच्यासाठी राखलेली असते.

कारखान्यांचा मुलूख आणि उघडी सभा या दोन गोष्टी एकाच दरीत आल्या तेव्हा जे घडले, ते मला ग्लारुसच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. १८३७ साली ग्लारुसच्या एका छापखान्यात मालकाने कामाच्या वेळा पाळल्या जाव्यात म्हणून घंटा बसवली. तोवर छापणारे कारागीर आपल्या सोयीने येत-जात. शेत असे, गाय असे, कुरणावरचे गवत कापायचे असे. घंटेच्या ठोक्यावर जगणे त्यांना अपमानाचे वाटले आणि त्यांनी काम थांबवले. संप फसला, घंटा राहिली. पण पुढच्या दोन पिढ्यांत हेच कामगार रिंगणात उभे राहून हात वर करू लागले. लिंथालचे पाद्री बर्नहार्ड बेकर यांनी कारखान्यांतल्या मुलांच्या आणि बायकांच्या हालांविषयी निर्भीडपणे लिहिले. मोलिसचे डॉक्टर फ्रिडोलिन शूलर यांनी गिरण्यांत जाऊन हवा, उजेड, आजार यांची पाहणी केली. आणि १८६४ च्या लांड्सगेमाइंडेने, कारखानदारांच्या विरोधाला न जुमानता, कायदा केला. त्याने कामाचा दिवस १२ तासांचा ठरवला, आणि तो प्रौढ पुरुषांसाठीसुद्धा. रात्रपाळी बंद केली. शाळेच्या वयाच्या मुलांना कारखान्याचे दार बंद केले. बाळंतिणीला सहा आठवडे कामापासून दूर ठेवण्याची तरतूद केली. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा घालणे तेव्हा युरोपात अतिशय धाडसाचे मानले जाई. १८७२ मध्ये ही मर्यादा ११ तासांवर आली, आणि १८७७ च्या स्विस संघराज्याच्या कारखाना कायद्याला ग्लारुसचाच अनुभव पायाभूत ठरला. डॉक्टर शूलर देशाच्या पहिल्या कारखाना निरीक्षकांपैकी एक झाले. लालबागच्या चाळीत वाढलेली माणूस म्हणून मला इथे एक नोंद करावीशी वाटते. मुंबईच्या गिरण्यांना लागू झालेल्या १८८१ च्या पहिल्या कायद्याने फक्त सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यास मनाई केली होती. सात वर्षांच्या मुलाला नऊ तास राबवणे त्यानंतरही कायदेशीरच होते. आमच्या गिरणगावात रिंगण नव्हते.

शूलर यांच्याबद्दल आणखी एक. कारखान्यात राबणाऱ्या बायकांना घरी स्वयंपाकाला वेळ नसतो आणि त्यामुळे कामगारांचे पोषण ढासळते, हे त्यांनी १८८० च्या सुमारास पुन्हा पुन्हा मांडले. स्वस्त, लवकर शिजणारे, कडधान्यांचे पौष्टिक पीठ हवे, असा त्यांचा आग्रह होता. झुरिच कॅन्टनमधल्या एका गिरणीमालकाने ते मनावर घेतले आणि वाटाणा, घेवडा यांच्या पिठाची तयार सुपे बाजारात आणली. त्या गिरणीमालकाचे नाव युलिउस माग्गी. आपल्याकडे प्रत्येक घरात पोचलेल्या मॅगी या नावाची सुरुवात अशी गिरणी-कामगाराच्या ताटापासून झाली आहे.

पण कायद्याने भाकरी मिळतेच असे नाही. १८४० च्या दशकात बटाट्यावर रोग पडला तेव्हा इथल्या उपासमारीवर उपाय म्हणून कॅन्टनच्या मदतीने माणसे अमेरिकेला पाठवण्यात आली. दोघांना आधी पुढे पाठवून जमीन पाहायला सांगितले, आणि १८४५ मध्ये जवळजवळ २०० जणांचा जथा निघाला. वाटेत काही मेले, काही पांगले, उरलेल्यांनी विस्कॉन्सिनमध्ये न्यू ग्लारस वसवले, ते आजही आहे. मग १८६१ च्या मे महिन्यात, १० तारखेच्या रात्री, फ्योन वाहत असताना ग्लारुस गावाला आग लागली आणि सकाळपर्यंत सुमारे ६०० इमारती जळून गेल्या. अर्धे गाव बेघर झाले. आज ग्लारुसचे सरळ, काटकोनात आखलेले रुंद रस्ते पाहून कोणाला हे डोंगरी गाव वाटत नाही, त्याचे कारण ती रात्र. पुनर्रचना करताना वाऱ्याबरोबर आग घरोघरी उडी मारणार नाही अशी आखणी केली गेली. वीस वर्षांनी, ११ सप्टेंबर १८८१ रोजी, एल्म गावावर डोंगर कोसळला आणि ११० हून अधिक माणसे गाडली गेली. तिथे पाटीच्या दगडाची खाण होती. शाळांमध्ये मुले ज्या पाट्यांवर अक्षरे गिरवत, त्या या दरीतून दूरदूर जात. मागणी वाढली तसा डोंगराचा पायथा आतून अविचाराने पोखरला गेला, आणि वरचा कडा निराधार झाला.

जे टिकले ते चीज. शाबत्सीगर नावाचे हे चीज साय काढलेल्या दुधाचे, हिरवट, कडक, निमुळत्या लहान खुंट्याच्या आकाराचे असते आणि किसून खातात. १४६३ मध्येच लांड्सगेमाइंडेने त्याच्या कृतीचे आणि शिक्क्याचे नियम ठरवले होते. त्याचा हिरवा रंग आणि तीव्र वास ज्या वाळवलेल्या वनस्पतीमुळे येतो, ती आपल्या मेथीचीच बहीण, त्याच कुळातली आणि त्याच वंशातली. मी घरी आणून पुडके उघडले तेव्हा स्वयंपाकघरात कसुरी मेथीचा डबा उघडल्यासारखे झाले. लोण्यात कालवून गरम भाकरीला लावले तर उत्तम लागते, हे मी अनुभवाने सांगते.

छापील कापडाचा धंदा १८७० नंतर उतरणीला लागला. फिरत्या रूळांच्या यंत्रावर भराभर छापणाऱ्या मोठ्या देशांशी हाताच्या ठशाला टक्कर देता येईना, जकाती वाढल्या, पूर्वेकडचे बाजार बदलले, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक छापखाने बंद झाले होते. १८७० मध्ये इथे ३५,००० माणसे होती, आज ४०,००० च्या थोडी वर आहेत. त्याच काळात देशाची लोकसंख्या तिपटीहून अधिक झाली. तरी दरीने कारखाना सोडला नाही. विजेच्या शेगड्या, प्लास्टिक ओतण्याची यंत्रे, बांधकामाचे पत्रे, चॉकलेट असे बरेच काही इथे बनत आले. नदीने गिरण्यांची चक्रे फिरवली, आता तीच वीज देते. लिंथालच्या वरच्या डोंगरात १,००० मेगावॉट क्षमतेचे पंप-साठवण केंद्र, म्हणजे पाणी पंपाने वर चढवून साठवणारे आणि ते खाली सोडून वीज काढणारे केंद्र आहे, ज्याचे वरचे धरण समुद्रसपाटीपासून २,४०० मीटरहून उंच आहे.

सभाही थांबलेली नाही. २००६ मध्ये सरकारने २५ गावांच्या जागी १० पालिका करण्याचा प्रस्ताव आणला होता. रिंगणात एका नागरिकाने उठून तीनच कराव्यात अशी सूचना मांडली, आणि सभेने ती उचलून धरली. शतकानुशतकांच्या आपल्या गावांची स्वायत्तता लोकांनी स्वतःच्या हातांनी विसर्जित केली आणि २०११ पासून कॅन्टनमध्ये तीनच पालिका आहेत. २००७ मध्ये मतदानाचे वय १६ वर आणले, देशात सर्वांत आधी. २०२१ मध्ये घर उबदार ठेवणाऱ्या नव्या तेल-गॅसच्या यंत्रांवर बंदी घातली, तीही सरकारच्या प्रस्तावापेक्षा कडक.

स्त्रियांना मात्र या रिंगणात १९७१ मध्ये प्रवेश मिळाला. म्हणजे १८६४ साली बाळंतिणीच्या सहा आठवड्यांवर जे हात वर झाले, त्यांत एकही हात गिरणीतल्या बाईचा नव्हता. तिच्या नवऱ्याचा, भावाचा, बापाचा होता, म्हणून तिचे म्हणणे कसेबसे आत पोचले. अन्ना ग्योल्डीचे तर तसेही कोणी नव्हते.

गेल्या वेळी सभा चालू असताना मी कठड्यापाशी उभी होते. माझ्या शेजारी एक पोर्तुगीज गृहस्थ होते. या दरीतल्याच एका कारखान्यात वीस वर्षे यंत्रावर काम करतात, मुले इथेच जन्मली, भाषा इथल्याच उच्चारात बोलतात. कॅन्टनमध्ये आज सुमारे चौथा हिस्सा माणसे परदेशी नागरिक आहेत, आणि कारखान्यांत त्यांचे प्रमाण डोळ्यांना दिसण्याइतके अधिक आहे. त्या दिवशी कराच्या एका कलमावर बराच वेळ वाद चालला. ते प्रत्येक वक्त्याचे बोलणे लक्ष देऊन ऐकत होते, मधूनच मला एखादा बोलीतला शब्द समजावून देत होते. मतदान पुकारले गेले, आतले हात वर गेले, आणि आम्ही दोघे हात कठड्यावर ठेवून निकाल ऐकला.